गुळाच्या खड्याचं कलम

बँकेच्या नोकरीत माझं आयुष्य गेलं, तरी ट्रस्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मठ, शाळा नाहीतर पांढऱ्या गाडीतून उतरणारे कारखानदार एवढंच यायचं. सोलापुरातल्या एका किराणा दुकानदाराने ट्रस्ट करावा असं कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. प्रत्यक्षात हसलेच. म्हणणारी वकीलबाई होती आणि मी तिच्या तोंडावर हसले. तिने ते मनाला लावून घेतलं नाही, उलट समोरचा चहा माझ्याकडे सरकवला.

माझं मत आधीच ठरलेलं होतं. काउंटरमागे बसून मी नको तेवढी घरं फुटताना पाहिली होती. नॉमिनी म्हणजेच मालक असं समजून पासबुक नाचवत येणारे थोरले मुलगे, त्यांच्या पाठोपाठ वकिलाची नोटीस घेऊन येणाऱ्या बहिणी, आणि बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली त्यांची आई. यातलं काही आमच्या घरी होऊ नये म्हणून मी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, हात धुऊन मागे लागले होते. मृत्युपत्र करा. साधं, सरळ, दोन साक्षीदार, जमलं तर रजिस्टर करून. घर आणि दुकान माझ्या नावावर लिहा, तंगीला मी सांभाळीन. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

तंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवतात, आणि कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. तिला चांगलं बारशाचं नाव आहे, पण ते रेशनकार्डाखेरीज कुणी वापरलं नाही. मी लग्न होऊन बार्शीला गेले तेव्हा माझ्या सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की मी माहेरच्या पैशाच्या अडचणीविषयी बोलते. "आता तंगी कशी आहे?" असं त्या दबक्या आवाजात विचारायच्या, आणि मी "मजेत आहे, वजन वाढलंय" म्हणायचे.

तंगीचं वय आता पन्नाशीच्या पुढे आहे. तिला वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही. रस्ता ओलांडताना ती हात घट्ट धरते आणि पलीकडे पोचल्यावरही बराच वेळ सोडत नाही. बोलणं थोडकं, पण जे बोलते ते नेमकं. ती जन्मली तेव्हा डॉक्टरांनी अव्वाला, आमच्या आईला, सांगितलं होतं की ही पोर फार दिवस काढणार नाही, फार जीव लावू नका. अव्वाने जीव लावला तो लावलाच, पण डॉक्टरांचं पहिलं वाक्य आमच्या सगळ्यांच्या मनात कुठेतरी बसून राहिलं. त्यामुळे झालं असं, की तिच्या तापाची, दातांची, थंडीतल्या स्वेटरची काळजी सगळ्यांनी केली, पण तिच्या म्हातारपणाचा विचार कुणी केलाच नाही. मग ते डॉक्टर गेले. अव्वा गेली. तंगीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, आणि ती आपल्यामागे राहणार आहे हे आम्हाला जणू नव्याने कळलं.

खाली दुकान, वर घर, अशी आमची जागा. दुकान किराण्याचं, पण ओळखलं जातं ते गुळासाठी. आजोबांपासून तिथे एक रीत होती. सामान बांधून झालं की गिऱ्हाइकाच्या हातावर गुळाचा एक खडा ठेवायचा, मग गिऱ्हाईक लहान असो की मोठं, पोतंभर नेणारं असो की काडेपेटी नेणारं. ढेप फोडताना जे बारीक खडे पडतात ते एका पितळी डब्यात जमा होत. तंगीला शाळा मानवली नाही तेव्हा अव्वाने तिला त्या डब्यापाशी बसवलं, आणि तेव्हापासून खडा देणं हे तंगीचं काम झालं. सकाळी आंघोळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा, कपाळाला विभूती, न्याहारी, आणि मग ओढणी नीट करून ती खाली येते. कुणी घाईत तसंच निघालं तर पायरी उतरून त्याच्यामागे जाते. मधुमेहवाले "नको गं बाई" म्हणतात. ती त्यांना कणभर देते, पण देते. घरात ज्यांना गोडाच्या डब्याला हात लावू देत नाहीत अशी भारदस्त माणसं आमच्या पायरीवर इकडेतिकडे बघत गूळ चघळताना मी पाहिली आहेत.

अप्पांनी ऐंशी पार केली तसं त्यांचं दुकानात बसणं कमी झालं. गुडघे साथ देईनात. मी बार्शीहून एसटीने यायचे, दोन दिवस राहायचे, मृत्युपत्राचा विषय काढायचे आणि परत जायचे. अप्पा "बघू की" म्हणायचे. त्यांच्या "बघू की"मध्ये कितीही माल मावतो हे दुकानाला माल घालणाऱ्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं.

मग मलाच छातीत दुखलं. सोलापूरला आणून स्टेंट टाकला आणि थोडे दिवस मी माहेरीच पडून राहिले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात, त्यामुळे जायचं तरी कुठे होतं? एके दिवशी अप्पा ज्वारीची आंबील घेऊन उशाशी बसले. पडल्या पडल्या मी पुन्हा तेच सुरू केलं, की आता तरी मनावर घ्या.

"लिवतो की तुझ्या नावावर," ते म्हणाले. "मग तुझ्यामागं?"

"माझ्यामागं काय?"

"तुझ्यामागं तंगी कुनाची?"

मला संताप आला. नुकताच स्टेंट टाकलेल्या मुलीला बापाने असं विचारावं? मी तोंड भिंतीकडे केलं. पण भिंतीकडे बघूनही प्रश्न गेला नाही. माझ्यामागे घर-दुकान माझ्या मुलाकडे जाणार. मुलगा वाईट नाही. आला की मावशीला आधी भेटतो, तिच्यासाठी चॉकलेटं आणतो. तो तिला टाकणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, पण ती छातीच आता डॉक्टरांच्या भरवशावर होती. त्याच्यासाठी ही सोलापूरची एक जागा आहे. कधीतरी सुट्टी काढून येऊन तिचं काय ते करून टाकावं लागेल, अशी जागा. त्यात त्याचाही दोष नाही.

तंगीच्या आधी मी जाऊ शकते, हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. मला रडू आलं. अप्पांनी आंबिलीचा वाडगा खाली ठेवला आणि माझे पाय चेपायला लागले. एवढा म्हातारा बाप आपले पाय चेपतोय म्हणून मी आणखी रडले.

मी हिंडायला-फिरायला लागल्यावर आम्ही वकीलबाईकडे गेलो. अप्पांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची ती सून, कोर्टाजवळच्या बोळात तिचं ऑफिस. तंगीला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून तीही बरोबर होती. ती टेबलावरचा काचेचा पेपरवेट फिरवत बसली आणि वकीलबाईने अप्पांना सगळं समजावून सांगितलं. अजिबात घाई केली नाही.

"काका, मृत्युपत्राचं चांगलं काय, तर डोळे मिटेपर्यंत सगळं तुमचंच राहतं. उद्या मन बदललं तर फाडा, दुसरं लिहा. पण ते लागू होणार तुमच्यामागे. यांच्या नावावर लिहिलं," तिने तंगीकडे पाहिलं, "तर यांच्या वतीने व्यवहार कोण बघणार, हा प्रश्न येतो. त्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो, तो तुम्ही एरवीही घ्या. आणि अक्कांच्या नावावर लिहिलं, तर जागा अक्कांची झाली. बहिणीला सांभाळा असं तुम्ही सांगाल, त्या सांभाळतीलही. पण उद्या जागा विकायची वेळ आली तर अडवायला कोण येणार? आणि त्यांच्यामागे ती त्यांच्या वारसाकडे जाणार."

"मी विकणार आहे का?" मी म्हटलं.

"तुम्ही नाही हो. पण मी कागदाचं बोलतेय."

मग तिने ट्रस्टचं नाव काढलं. घर आणि दुकान तंगीसाठी बांधून ठेवायचं. ते बघायला दोन-तीन विश्वस्त. येईल ते भाडं तिच्यावर खर्च करायचं. एक विश्वस्त गेला की दुसरा येतो, पण ती आहे तोवर जागा तिच्याचसाठी राहते, आणि तिच्यामागे कुणाला जायची तेही आत्ताच लिहून ठेवायचं. इथेच मी हसले.

"अहो, आम्ही काय मठ आहोत का ट्रस्ट करायला?"

"मठाला बघायला भक्त असतात, अक्का," ती म्हणाली. "यांना कोण आहे?"

त्यानंतर मी तो चहा मुकाट्याने प्यायले.

तिने आणखी एक वाट सांगितली. मृत्युपत्रातच ट्रस्ट लिहून ठेवायचा, तो अप्पांच्या पश्चात सुरू होईल. किंवा आत्ताच करायचा, रजिस्टर करून. पण आत्ता केला तर स्टॅम्प ड्युटी आहे, खर्च आहे, आणि मुख्य म्हणजे तो सहजासहजी माघारी घेता येत नाही. "दुकान तुमचं राहणार नाही, काका. तुम्ही फक्त त्याचे विश्वस्त असाल. नीट विचार करून सांगा."

घरी आल्यावर अप्पा वर न जाता दुकानात गेले आणि गल्ल्यामागच्या आपल्या जागेवर बसून राहिले. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन ते याच दुकानात यायचे. मला वाटलं, म्हातारा आता माघार घेणार. खरं सांगायचं तर त्यांनी घेतली असती तर मला वाईट वाटलं नसतं. ज्या जागेवर जन्म काढला ती जिवंतपणी नावावरून काढून टाकायची, हे मला बघवलं नसतं.

मी बार्शीला परतल्यावर त्यांचा फोन आला. "आत्ताच करायचं."

"अप्पा, मृत्युपत्रात लिहिलं तरी चालतंय की. मागनं होईल."

"गल्ल्यावर नवा मानूस बसवला तर आपन शेजारी बसून बघतो का न्हाय? का त्येला बसवून काशीला जातो? मी जित्ता हाय तवर सुरू होऊ दे. चालतंय का न्हाय, माझ्या डोळ्यानं बघतो."

"आणि दुकान तुमचं राहणार न्हाय, त्याचं काय?"

"मला कुटं न्यायचं हाय त्ये?"

बँकेतल्या ठेवी आणि अव्वाचे दागिने मात्र त्यांनी साध्या मृत्युपत्रात लिहिले. निम्मं का होईना माझं ऐकलं, असं म्हणायला मला जागा ठेवली.

ट्रस्टचा मसुदा मी आणि वकीलबाईने मिळून केला. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईच्या हाती मसुदा आला की ती काही सुटू देत नाही. तंगीचं जेवणखाण, कपडेलत्ते, औषधपाणी, वर्षातून एकदा दातांची तपासणी, चष्मा, दिवसभर सोबत करणारी बाई, ती बाई गावाला गेली तर दुसरी बाई. विश्वस्त म्हणून अप्पा, मी, आणि आमच्या मावसभावाची मुलगी. ती सोलापुरातच शिक्षिका आहे, वयाने तरणी, आणि तंगी तिच्याजवळ रमते. किराणा चालवायला आता कुणी नव्हतं, म्हणून दुकान भाड्याने द्यायचं ठरलं. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारा एक होतकरू मुलगा तयारही झाला होता. सगळं कसं चोख बसलं होतं. स्वतःवर खूश होऊन मी मसुदा अप्पांना वाचून दाखवायला आले.

दुपारची वेळ, बोळ शांत होता. उरलासुरला माल विकून संपवायचा म्हणून दुकान अजून उघडं होतं. मी गल्ल्याशेजारी उभी राहून वाचत होते आणि अप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"झालं," मी म्हटलं. "काय राहिलंय का?"

"हिला काय काय मिळनार त्ये सगळं लिवलंस. लई ब्येस लिवलंस." त्यांनी डोळे उघडले. "ही काय देनार, त्ये कुटं हाय?"

मला कळलंच नाही. "तिने काय द्यायचंय?"

त्यांनी हनुवटीने दाखवलं. एक बाई शाबूदाणा घेऊन निघाली होती. तंगी डब्यातला खडा निवडत होती. मोठा उचलला, परत ठेवला, बाईच्या कडेवरचं मूल पाहिलं आणि दोन बारीक खडे काढले.

"सकाळी आंघोळ करून, पूजा करून ही कुटं जानार?" अप्पा म्हणाले. "दुकान तर झेरॉक्सवाल्याला दिलंस. खाईल, नवे कपडे घालंल, औषध घेईल, आन् वर कॉटवर बसून ऱ्हाईल. आजपातूर पोरीनं कुनाचं बसून खाल्लं न्हाय. आता मी मेल्यावर निस्तं घेतच बसायचं व्हय तिनं? न्हाय. मी सही करत न्हाय."

मी चिडले. इतक्या खेपा, इतके फोन, आणि आता हे. "अप्पा, कायद्यात गूळ वाटायचं कलम नसतं."

"नसंल तर घालाय सांग."

मी रागारागाने वर गेले आणि पलंगावर बसले. आमच्या लिंगायतांच्या घरात कायक आणि दासोह हे दोन शब्द बोलायला लागायच्या आधीपासून कानावर पडतात. काम करावं आणि त्यातलं दुसऱ्याला द्यावं, एवढाच त्यांचा अर्थ. या दोन शब्दांवरची प्रवचनं मी पहिल्या रांगेत बसून ऐकली आहेत. तंगी कधीच प्रवचनाला बसू शकली नाही, तिला झोप येते. बसल्या बसल्या मला तो पितळी डबा, तिचं ते खडा निवडणं दिसायला लागलं, आणि माझा राग हळूहळू उतरला. मी तिच्या पोटाची इतकी चोख व्यवस्था केली होती, की तिच्या हाताला काही कामच ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी मी वकीलबाईला फोन केला. मला वाटलं, आता हसायची पाळी तिची. पण ती म्हणाली, "घालू की. उद्या येते, मला ती जागा बघू दे."

ती आली, तांदळाच्या पोत्यावर बसली आणि गंभीरपणे विचारत गेली. कुठे बसते, किती वेळ बसते, गूळ किती लागतो, ऊन कोणत्या बाजूने येतं. तंगीने तिला खडा दिला. तिने तो तोंडात टाकला आणि तिथेच लिहायला घेतलं. दुकानाच्या दर्शनी भागातली, पायरीलगतची जागा लाभार्थीच्या बैठकीसाठी कायम राखून ठेवावी. भाडेकरू कोणीही असला तरी त्याने तीस हरकत घेऊ नये. येणाऱ्या-जाणाऱ्यांस देण्यासाठी लागणारा गूळ ट्रस्टच्या उत्पन्नातून पुरवावा. भाडेकरारातही हीच अट येईल, असं ती म्हणाली. अप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाले, "हां. आता तिचं झालं."

झेरॉक्सवाल्याने कलम वाचून डोकं खाजवलं.

"म्हंजे झेरॉक्स काढली की गूळ?"

"व्हय," अप्पा म्हणाले.

"आन् मी न्हाय म्हटलं तर?"

"तर दुसरा बघतो."

त्याने तंगीकडे पाहिलं. "चालतंय की. तसंबी फॉर्म भरून भरून लोकं वैतागलेलीच असतात."

रजिस्टर ऑफिसात अप्पांचा फोटो निघाला, अंगठा उठला, सह्या झाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि ऊस फार गोड आलाय का यंदा, असं काहीतरी असंबद्ध विचारलं. मी त्यांचा हात धरला. त्यांचा तळवा घामाने ओला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

दुकान बदललं. गुळाच्या ढेपांच्या जागी दोन यंत्रं आली, काचेवर आधार, पॅन, सातबारा असं काय काय लिहिलेलं आलं. पायरीलगत तंगीचं स्टूल आणि डबा तसाच राहिला. सुरुवातीला लोकांच्या उताऱ्यांवर गुळाची चिकट बोटं उमटायची. त्या मुलाने आपण होऊन तिथे एक ओला नॅपकिन ठेवला. अप्पा वरच्या खिडकीत खुर्ची टाकून बघत बसायचे. फोन केला की मला सांगायचे, "चालतंय. बरं चालतंय."

तंगीला हे सगळं सांगायचं मात्र आम्ही टाळत होतो. वकीलबाईने बजावलं होतं, त्यांना जेवढं कळेल तेवढं, पण सांगा. पण सांगायचं म्हणजे अप्पांच्या मरणाबद्दल बोलायचं, आणि ते तिच्यापुढे कुणी काढायचं? शेवटी एकदा मी आलेली असताना, दुपारी जेवताना, अप्पांनीच कानडीत सुरुवात केली. हे घर तुझं. खालची जागा तुझी. गूळ येत राहील, काळजी नाही. मी म्हातारा झालो, मी जाईन, अव्वा गेली तसा. मग अक्का तुझं बघेल. अक्का गेली की ती शिक्षिका पोरगी बघेल. तुला कुणी इथून हलवणार नाही.

तंगीने चावणं थांबवलं होतं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती आधी अप्पांकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"आन् अक्काला कोन बघनार?"

"मला कशाला कुणी बघायला पाहिजे?" मी लगेच म्हटलं. माझी बार्शीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

अप्पा माझ्याकडे बघायला लागले आणि मला ताटात बघावं लागलं. एवढ्या महिन्यांत कोणाच्या मागे कोण, हे आम्ही पानंच्या पानं लिहिलं होतं. त्यात माझं नाव जिथे जिथे होतं, तिथे मी कुणाला तरी बघणारी होते. नवरा गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मुलगा फोनवर "सगळं ठीक ना, आई?" म्हणतो आणि मी ठीक म्हणते. मी स्वतःलासुद्धा कधी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि चटणी तिखट आहे असं म्हणावं, तर ती मीच केली होती.

अप्पा तंगीकडे वळले. "तू," ते म्हणाले. "अक्काला तू बघायचं."

तिने विचार केला. काम सांगितलं की ती जशी आधी ते नीट समजून घेते, तसा.

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली.

मी ते बोलणं मायेचं म्हणून घेतलं होतं. तिने मात्र काम म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीत माझा फोन वाजला. खालच्या झेरॉक्सवाल्या मुलाने तिला घेऊन दिलेल्या मोबाइलवर माझा फोटो ठेवून दिला होता. तो दाबला की मला व्हिडिओ कॉल लागतो. पडद्यावर नुसतं विभूती लावलेलं कपाळ दिसत होतं.

"गोळी घेतलीस?"

"घेतली गं."

"दाखव."

स्टेंटनंतर सुरू झालेल्या गोळ्यांच्या पाकिटातला रिकामा कप्पा मी कॅमेऱ्यासमोर धरला. तिने तो पाहिला आणि फोन बंद केला. निरोप वगैरे काही नाही. तेव्हापासून एक सकाळ चुकलेली नाही. पूजा झाली, की खाली जायच्या आधी मी.

मागच्या आठवड्यात माझी घाई होती. दारात दूधवाला, गॅसवर चहा, आणि तेवढ्यात फोन. घेतली म्हणून मी मोकळी झाले आणि कालचाच रिकामा कप्पा दाखवला. कपाळ खाली सरकलं, डोळे दिसले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"न्हाय घेतलीस," ती म्हणाली. "घे. मी हितं हाय."

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून आत गेले. पाणी घेतलं, गोळी शोधली, चहा उतू गेला तो पुसला. इतका वेळ पलीकडून काही आवाज नव्हता. मला वाटलं, कंटाळून बंद केला असेल. येऊन बघते तर ती तशीच बसलेली होती. मी तिच्यासमोर गोळी घेतली, वर पाणी प्यायले आणि तोंड उघडून दाखवलं. तेव्हा ती उठली.